शिक्षकांचा गट जमवायचा कसा, आणि मुख्य म्हणजे टिकवायचा कसा

बालकेंद्री शिक्षण म्हणा, ज्ञानरचनावाद म्हणा, प्रयोगशील म्हणा, नाव काही द्या, मुलांना सगळं तयार सांगण्याऐवजी त्यांनी स्वतः करून, बोलून शिकायचं हे त्याचं सार, पण ते एकट्यानं करायला गेलं की वर्ष-दोन वर्षांत माणूस थकतो. मुलं गटात बसून बोलतायत, वर्गात आवाज होतोय, तर शेजारच्या वर्गातले सर डोकावून विचारणार "आज ऑफ तास आहे का?", पालक विचारणार वह्या कोऱ्या कशा, आणि त्यात पोर्शन मागे पडला की आपलाच स्वतःवरचा विश्वास डळमळायला लागतो, मग हळूहळू फळा, खडू आणि "लिहून घ्या" परत सुरू. ट्रेनिंगनं हे भागत नाही कारण ट्रेनिंग वरून येतं आणि संपलं की संपतं, सोमवारी सकाळी वर्गात तुम्ही पुन्हा एकटेच.

म्हणून चार-पाच शिक्षकांचा स्वतःचा गट हवा, ज्याचा आदेश कुणी काढलेला नाही आणि जिथे हजेरी कुणी घेत नाही. तो कसा उभा करायचा ते सांगते, पण त्याआधी एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं: असे गट मुलांच्या कामावर उभे राहतात, मतांवर राहत नाहीत. ज्या मीटिंगमध्ये टेबलावर एखाद्या मुलाची वही, चित्र, उत्तरपत्रिका किंवा निदान मुलांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग नसतं ती मीटिंग अर्ध्या तासात सिस्टीमच्या नावानं बोटं मोडण्यावर येते. बोटं मोडायला मजा येते हे मान्य, पण त्यासाठी तिसऱ्या महिन्यात कुणी परत येत नाही.

माणसं कशी शोधायची

घोषणा करू नका, पोस्टर नको, "प्रयोगशील शिक्षकांचा मंच" असलं नाव तर अजिबात नको, नाव ठेवलं की लोगो येतो, लोगो आला की अध्यक्ष येतो. सुरुवातीला तीन माणसं पुरे. ती ओळखायची खूण सोपी आहे, स्टाफरूममध्ये कान उघडे ठेवा, बहुतेक जण धडा कितवा झाला ते सांगत असतात आणि एखादीच बाई "अगं आज त्यानं काय विचारलं माहितेय" असं सांगत असते. ती तुमची पहिली सभासद. आणि तिला बोलावताना "गट काढतेय, येशील का" असं विचारायचं नाही, त्यावर लोक हो म्हणतात आणि येत नाहीत. "माझ्याकडच्या एका मुलाच्या वहीत काहीतरी विचित्र दिसतंय, दहा मिनिटं बघशील का" असं विचारायचं. मदत मागितली की माणूस थांबतो.

सगळे एकाच विषयाचे किंवा एकाच इयत्तेचे नकोत. बालवाडीच्या ताई आणि नववीला विज्ञान शिकवणारे सर एकत्र बसले तर पहिल्या दोन मीटिंगा जरा अवघडल्यासारखं होतं, पण नंतर कळतं की बालवाडीच्या ताईंना मुलाकडे बघता येतं आणि सरांना विषयाकडे, आणि दोघांना दुसरं तेवढं जमत नसतं. दोन-तीन शाळांमधली माणसं असली तर आणखी चांगलं, कारण एकाच शाळेतल्यांना आपापसातलं राजकारण दाराबाहेर ठेवणं जड जातं. आणि एक शंकेखोर माणूस मुद्दाम घ्या. "हे सगळं ठीक आहे हो, पण साठ मुलांत कसं करणार?" असं विचारणारा. त्याच्यामुळे गट जमिनीवर राहतो, सगळेच माना डोलावणारे असले की थोड्या दिवसांत भजनी मंडळ होतं.

मुख्याध्यापकांना कळवावं का? कळवावं, लपवाछपवी करू नये, पण परवानगीचा अर्ज नको. "आम्ही तिघं-चौघं शाळेनंतर बसून मुलांच्या वह्या बघतो, तुम्हालाही कधी यावंसं वाटलं तर या" एवढं सांगितलं की झालं. ते आले तर त्यांनीही एक वही घेऊन यायची, नुसतं बघायला बसायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा.

पहिल्या मीटिंगमध्ये नेमकं काय करायचं

समजा एका शिक्षिकेनं दुसरी-तिसरीतल्या मुलाची वही आणलीय. वजाबाकीचं पान. त्यावर असं आहे: ४८ − २३ = २५, ५२ − ३७ = २५, ६१ − २८ = ४७, ४० − १६ = ३६. पहिलं बरोबर, खालची तिन्ही चूक, लाल पेनानं तीन फुल्या आणि खाली शेरा "सराव करा". नेहमीच्या स्टाफरूममध्ये यावर काय बोलणं होतं ते तुम्हाला माहितेय, लक्ष नसतं, घरी कुणी घेत नाही, पाया कच्चा.

गटात नियम असा की पहिली दहा मिनिटं फक्त दिसतंय तेच बोलायचं. मुलाबद्दल मत नाही, कारण नाही, उपाय तर नाहीच नाही. सुरुवातीला लोकांना हे जाम जड जातं, तोंडातून "हातचा समजलेला नाही" निघतंच, तेव्हा थांबवायचं आणि विचारायचं, पानावर कुठे दिसलं? मग कुणीतरी म्हणतं, आकडे एकाखाली एक नीट मांडलेत. दुसरं कुणी म्हणतं, खाडाखोड कुठेच नाहीये, म्हणजे त्याला खात्री होती. मग एकदम कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे, हा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय! ५२ − ३७ मध्ये ७ मधून २ काढले, ५ उरले, ५ मधून ३ काढले, २ उरले, झाले २५. ६१ − २८ लाही तेच, ४० − १६ लाही तेच. म्हणजे मुलगा चुकत नाहीये, तो स्वतःचा एक नियम अगदी काटेकोरपणे पाळतोय, आणि तो नियम पहिल्या गणितात चालून गेला म्हणून त्याला तो खराही वाटतोय. आता त्याला अशाच वीस वजाबाक्या सरावाला दिल्या तर काय होईल, तो चुकीचा नियम वीसदा पक्का करेल.

त्यात बाईंनी पान उलटलं आणि मागे शाब्दिक उदाहरण निघालं, ४३ पानांचं पुस्तक आहे, १८ पानं वाचून झाली, किती राहिली, तिथे त्यानं रेघा काढल्यात, खोडल्यात आणि उत्तर लिहिलंय २५. बरोबर! म्हणजे वजाबाकी कशाला म्हणतात ते त्याला कळतं, उभ्या मांडणीत मात्र तो वेगळाच खेळ खेळतोय. इथून पुढे काय करायचं हे मग आपोआप सुचतं, कुणी म्हणतं त्याला त्याच्याच दोन पद्धतींनी एकच गणित करायला देऊ आणि उत्तरं वेगळी का आली ते त्यालाच विचारू. हे असं चाळीस मिनिटांत झालं ना, की पुढच्या वेळी माणसं आपणहून येतात, तुम्हाला मेसेज टाकावे लागत नाहीत, कारण शिक्षक म्हणून आपल्याला बुद्धी आहे याची आठवण कुणीतरी करून दिलेली असते.

पहिल्या मीटिंगचा वेळ एक ते दीड तास, त्याच्या वर नको. जागा कुठलीही, शाळा सुटल्यावरचा रिकामा वर्ग चालतो. वार आणि वेळ कायमची ठरवून टाका, "सगळ्यांना जमेल तेव्हा" म्हणालात तर ते कधीच जमत नाही. पंधरा दिवसांतून एकदा चांगलं, महिन्यातून एकदा चालेल, त्याहून लांबलं की मागचं काही आठवत नाही आणि प्रत्येक वेळी नव्यानं सुरुवात होते.

बोलण्याला थोडी शिस्त लागते

शिस्त म्हटलं की आपल्याला शाळाच आठवते, पण इथे शिस्त म्हणजे बोलक्या माणसाला आवर आणि गप्प माणसाला जागा. नुसतं "चर्चा करू" म्हटलं की दोघंच बोलतात, बाकीचे अळीमिळी गुपचिळी. यासाठी लोकांनी वापरून पाहिलेल्या तयार पद्धती आहेत, चाक नव्यानं शोधायची गरज नाही.

मला सगळ्यात आवडते ती एका मुलाचं वर्णन करायची पद्धत. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या प्रॉस्पेक्ट स्कूलमध्ये पॅट्रिशिया करिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. एका वेळी एकच मूल घ्यायचं. त्याच्या शिक्षकानं पाच अंगांनी त्याच्याबद्दल सांगायचं: तो वर्गात कसा वावरतो, बसतो, हालचाली कशा, स्वभाव कसा, इतरांशी नातं कसं, कशात रमतो, आणि विचार कसा करतो, शिकतो कसा. "हुशार", "ढ", "मस्तीखोर" असले शब्द बंद, त्याऐवजी काय करताना दिसला ते सांगायचं. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही, एकानं लिहून घ्यायचं, मग प्रश्न, मग सगळ्यात शेवटी सूचना, आणि त्या सूचना शिक्षकानं घ्यायच्या की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं. ऐकायला साधं वाटतं पण करून बघा, ज्या मुलाबद्दल आपण वर्षभर कुरकुरत असतो त्याला नेमकं काय आवडतं हे सांगायची वेळ आली की आपलंच घोडं अडतं. पुढच्या आठवड्यात आपण त्या मुलाकडे वेगळ्या नजरेनं बघतो, तिथेच निम्मं काम झालेलं असतं.

फिलाडेल्फियामध्ये १९७८ साली काही शिक्षकांनी याच पद्धती वापरत स्वतःचा गट सुरू केला, टीचर्स लर्निंग कोऑपरेटिव्ह, दर आठवड्याला एकमेकांच्या घरी जमायचे, ऑफिस नाही, पगारी माणूस नाही, आणि असं कितीतरी वर्षं चाललं. त्याउलट प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन असोसिएशन ही प्रयोगशील शिक्षणासाठीची मोठी अमेरिकन संघटना १९१९ मध्ये निघाली, भरभराटीच्या काळात हजारो सभासद होते, आणि १९५५ मध्ये ती बंद झाली. बंद पडण्याची कारणं बरीच होती, सगळं खापर आकारावर फोडता येणार नाही, पण मला तरी वाटतं की हॉल भाड्यानं घ्यायला लागलो की वह्या मागे पडतात आणि भाषणं पुढे येतात.

दुसरी एक पद्धत धड्याच्या आराखड्यासाठी किंवा प्रोजेक्टसाठी चांगली आहे. ज्यानं काम आणलंय तो पंधरा मिनिटं सांगतो, पाच मिनिटं फक्त समजून घ्यायचे प्रश्न, मग तो गप्प बसतो, वही-पेन घेऊन, आणि बाकीचे आपापसात बोलतात जणू तो खोलीत नाहीच, आधी काय जमलंय ते, मग काय खटकतंय ते. मग तो बोलतो. इंग्रजीत याला ट्यूनिंग प्रोटोकॉल म्हणतात. त्यातली गंमत त्या गप्प बसण्यात आहे. माणसाला लगेच उत्तर द्यायची सोय असली की तो ऐकत नाही, बचाव करत बसतो. घड्याळ लावा आणि पाळा, पहिल्यांदा कृत्रिम वाटेल, वाटू द्या.

कधीतरी स्वतः विद्यार्थी व्हा

दर तीन-चार मीटिंगांनंतर एक मीटिंग अशी ठेवा की त्यात शिक्षकच विद्यार्थी. एक सेल, एक टॉर्चचा छोटा बल्ब आणि एकच वायर द्या, होल्डर वगैरे काही नाही, आणि सांगा बल्ब पेटवून दाखवा. चांगले शिकलेसवरलेले लोक अडकतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत दोन वायरी असतात आणि बल्बला जोडणीच्या दोन जागा असतात, एक बुडाचं टोक आणि एक बाजूचा धातू, हे आपण कधी नीट बघितलेलंच नसतं. सेलच्या एका टोकावर बल्बचं बूड टेकवायचं, वायरचं एक टोक सेलच्या दुसऱ्या बाजूला आणि दुसरं बल्बच्या बाजूच्या धातूला, पेटला! पण हे उत्तर आधी कुणी सांगायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं झटू द्या. नंतर विचारा, अडकलो तेव्हा काय वाटलं, शेजाऱ्याचा पेटला तेव्हा काय वाटलं, कुणी पटकन उत्तर सांगितलं असतं तर काय गेलं असतं. कृतीतून शिकणं म्हणजे काय यावर दोन तासांचं व्याख्यान ऐकून जे होत नाही ते इथे होतं.

लेखनाचं पण तसंच. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत जेम्स ग्रे यांनी बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट सुरू केला, तो पुढे देशभर पसरला, त्यात एक गोष्ट ठाम होती की शिक्षकांना शिक्षकच शिकवणार आणि लेखन शिकवणाऱ्यानं स्वतः लिहायचं. तुमच्या गटात एकदा सगळ्यांनी "माझा आवडता प्राणी" लिहून बघा, तेही वीस मिनिटांत, आणि मोठ्यानं वाचून दाखवा. मुलांना आपण काय काय करायला लावतो ते तेव्हा कळतं.

एकमेकांच्या वर्गात जाणं

ही पायरी घाईनं घ्यायची नाही. सहा महिने वह्या बघून झाल्या, विश्वास बसला, की मग. वर्गात दुसरा शिक्षक आला की आपल्याला तपासणीच आठवते, आणि तो बिचारा मागे बसून काहीतरी लिहायला लागला की पोटात गोळा. जपानमध्ये शंभरावर वर्षं चालत आलेली पाठ-अभ्यासाची पद्धत आहे, तिथे हा प्रश्न छान सोडवलाय: पाठ सगळ्यांनी मिळून तयार करायचा, एकानं शिकवायचा, बाकीच्यांनी बघायचं, पण बघायचं मुलांकडे. शिक्षकाकडे नाही. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे फसला तरी सगळ्यांचा फसतो, शिकवणाऱ्यावर काही येत नाही. प्रत्येक निरीक्षकानं दोन-तीन मुलं वाटून घ्यायची आणि ती कधी गोंधळली, कधी एकमेकांच्या वहीत डोकावली, कधी चेहरा खुलला ते वेळेसकट लिहायचं.

एवढं जमत नसेल तर छोटं काहीतरी मोजा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात, आणि हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं आपणहून बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. हे तुमच्या गटाला सहज करता येतं, मोबाईलवर स्वतःच्या तासातल्या दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, प्रत्येक प्रश्नानंतरचे सेकंद मोजायचे, पुढच्या मीटिंगला आकडे घेऊन यायचे. रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायची सक्ती नाही, फक्त आकडे. सगळ्यांचे आकडे लाजिरवाणे असतात त्यामुळे वातावरण एकदम मोकळं होतं.

मोबाईलवरचा ग्रुप

असतोच, असू दे, पण त्याला मीटिंगची जागा घेऊ देऊ नका. गुड मॉर्निंग, सुविचार, फॉरवर्ड, वाढदिवस, परिपत्रकं आणि त्याच्या पीडीएफ असं सगळं त्यात आलं की कामाचा एक फोटो वर कुठेतरी वाहून जातो. एकच नियम करा, या ग्रुपवर फक्त मुलांचं काम, त्याबद्दलचे प्रश्न आणि मीटिंगचा निरोप. बाकी गप्पांना दुसरा ग्रुप काढा, तिथे खुशाल काहीही.

आणि मुलांची नावं झाकून फोटो टाका. हे मी कंटाळा येईल इतक्यांदा सांगत असते. वहीवरचं नाव, शाळेचा शिक्का, चेहरा, काही दिसायला नको. फोटो कुठे जाऊन पोचेल याचा भरवसा नसतो आणि एखाद्या मुलाची "गंमतशीर चूक" व्हायरल झाली तर ती त्याच्यासाठी गंमत नसते. मीटिंगमध्येही खरं नाव न घेता बोललेलं बरं, कुठलं तरी टोपणनाव द्या. मुलाच्या घरच्या गोष्टी खोलीबाहेर जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मोठ्यानं कबूल करायचं.

पालक, मार्क आणि "पोर्शन कधी होणार"

हा प्रश्न येणारच, आणि तो मूर्खपणाचा नाहीये, पालकांना भीती वाटते, ती खरी असते. "मार्क महत्त्वाचे नसतात" असं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं उत्तर दिलं की तुमच्यावरचा विश्वास उडतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत आठ वर्षांचा एक मोठा अभ्यास झाला, तीसेक हायस्कुलांना कॉलेज प्रवेशाच्या नेहमीच्या अटींतून सूट देऊन हवं तसं शिकवायची मुभा दिली. मग त्या शाळांमधल्या १,४७५ मुलांच्या नेहमीच्या शाळांमधून आलेल्या तशाच मुलांशी जोड्या लावून कॉलेजातली कामगिरी तपासली, तर प्रयोगशील शाळांतली मुलं मागे पडलेली नव्हती, उलट थोडी सरसच होती, आणि ज्या शाळांनी सगळ्यात जास्त बदल केले होते तिथली मुलं तर आणखीनच. हे शिक्षकांना माहीत असावं, धीर येतो. पण पालकसभेत हे सांगून उपयोग शून्य, त्यांना शंभर वर्षांपूर्वीची दुसऱ्यांची मुलं नको असतात, स्वतःचं मूल हवं असतं.

म्हणून पालकांना तेच दाखवायचं जे गटात बघता, त्यांच्या मुलाची जूनमधली वही आणि नोव्हेंबरमधली वही शेजारी शेजारी. जूनमध्ये कारण लिही म्हटलं तर अर्धी ओळ, आता सहा ओळी आणि एक आकृती. गटातल्या सगळ्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचं एक पान तारीख टाकून बाजूला ठेवायची सवय लावली तर ही जुळवाजुळव आयत्या वेळी करावी लागत नाही. आणि एखाद्या मुलाच्या दोन पानांत फरक दिसला नाही तर ते पान पालकांच्या आधी गटात आणा, कारण तिथे आपली पद्धत चालत नाहीये. प्रयोगशील म्हणवणाऱ्यांना हे कबूल करायला फार जड जातं, रंगीत तक्ते आणि नाचगाणी झाली म्हणजे शिकणं झालंच असं वाटायला लागतं.

पैसे, पाहुणे, वाढ

पैसे शक्यतो मध्ये आणू नका. झेरॉक्सपुरते वर्गणीतून काढा. कुणी स्पॉन्सर मिळाला, कुठल्या कंपनीनं किट देतो म्हटलं तर गटात विचारा की त्याबदल्यात काय द्यायचंय, फोटो, रिपोर्ट, त्यांच्या ॲपचा प्रचार? बदल्यात काही नसेल तर घ्या. फ्रान्समध्ये सेलेस्तॅ फ्रेने नावाचे शिक्षक होते, पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्यामुळे वर्गात फार वेळ बोलणं त्यांना झेपायचं नाही, त्यांनी १९२० च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला, मुलं स्वतःचं लिहून छापायची आणि दुसऱ्या गावातल्या शाळेला पाठवायची, तिथून उत्तरं यायची. त्यातून शिक्षकांचं जाळं उभं राहिलं आणि त्यांनी साहित्य बनवायला स्वतःची सहकारी संस्था काढली. साहित्य आधी वर्गात वापरलं गेलं आणि संस्था नंतर आली, हा क्रम बघून ठेवा. दोन शाळांमधल्या मुलांनी एकमेकांना लिहिणं हे तुम्हालाही लगेच जमण्यासारखं आहे आणि दोन गट जोडायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

तज्ज्ञ पाहुणे पहिलं वर्षभर नकोच. पाहुणा आला की खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि आपण परत श्रोते होतो. नंतर बोलवा, पण त्यांनाही वही द्या बघायला.

गट दहा-बाराच्या पुढे गेला की दोन करा. लोकांना वाईट वाटतं, पण पंधरा जणांत एका वहीवर सगळ्यांचं बोलून होत नाही. दोन्ही गट वर्षातून एक-दोनदा मोठ्या प्रमाणावर एकत्र येऊ शकतात, त्याचेही नमुने आहेत, एडिनबरामध्ये २००६ साली टीचमीट सुरू झालं, शिक्षकांनी सात मिनिटांत किंवा दोन मिनिटांत आपला एक अनुभव सांगायचा आणि बसायचं. फिलाडेल्फियामध्ये २०१० साली एडकॅम्प झाला, त्यात सकाळी भिंतीवर रिकामं वेळापत्रक असतं, ज्याला जे बोलायचंय ते तो तिथे लिहितो, आणि एखाद्या खोलीत आपल्या उपयोगाचं काही नसेल तर उठून दुसरीकडे जायची मुभा. माझं मत विचाराल तर हे मेळावे उत्साहासाठी झकास, पण खोलवर काम छोट्या गटातच होतं, त्यामुळे मेळाव्यांच्या तयारीत मीटिंगा बुडायला लागल्या की मेळावा रद्द करा.

गट सुरू करणारी व्यक्तीच अनेकदा गटाला जड होते. निरोप तिनेच द्यायचे, खोली तिनेच उघडायची, चर्चा तिनेच चालवायची, मग ती आजारी पडली की सगळं ठप्प. तिसऱ्या मीटिंगपासूनच चर्चा चालवणं आळीपाळीनं ठेवा, लिहून घेणारा वेगळा, घड्याळ बघणारा वेगळा. नवीन आलेल्याला आधी घड्याळ द्या, बोलायचा ताण नसतो आणि तरी काम असतं, दोन-तीन मीटिंगांत तो आपोआप बोलायला लागतो. नोंदवही एकच असावी, त्यात कुणाचं काम बघितलं, काय दिसलं, शिक्षक आता काय करून बघणार आहे, बस्स, एक पान. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्या पानानं: मागच्या वेळी तू रेघांची पद्धत आणि उभी मांडणी शेजारी ठेवणार होतीस, काय झालं? हा प्रश्न विसरलात तर गट फक्त गप्पांचा उरतो, आणि दरवेळी विचारलात तर माणसं काहीतरी करूनच येतात, कारण "नाही जमलं" हे सांगणं चालतं पण "विसरले" हे तिसऱ्यांदा सांगायला जीभ रेटत नाही.

परीक्षांच्या दिवसांत, निवडणूक ड्यूटीच्या दिवसांत उपस्थिती गळते. घाबरू नका, दोघं आले तरी मीटिंग घ्या, एक वही उघडा, नोंद लिहा आणि फोटो काढून ग्रुपवर टाका, न आलेल्यांना कळू दे की दार बंद झालेलं नाही. मात्र सलग तीन-चार वेळा कुणीच काही काम घेऊन आलं नाही तर सरळ विचारायचं की थांबायचं का आपण. कधी कधी उत्तर हो येतं, तेही ठीक आहे, नोंदवहीची झेरॉक्स प्रत्येकाला द्या आणि वार मोकळा करा. आणि उत्तर "नाही, थांबायचं नाही" असं आलं तर पुढच्या वेळी वही कोण आणणार ते त्याच खोलीत नावानिशी ठरवून मगच उठायचं.